पेटी लोड होईपर्यंत

कार्यक्रम असेल त्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. बाबा सगळी वाद्यं उन्हात काढत. खाडी हाकेच्या अंतरावर, हवेत बारा महिने ओल. ढोलकीच्या पुडीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून संध्याकाळी वाजवायचं तर दुपारी ऊन द्यायचं, ही त्यांची जन्माची शिस्त. गोणपाटावर ढोलकी, तिच्याशेजारी ताशा, मग संबळ, मग बेंजो, आणि रांगेच्या शेवटी फडक्याने झाकलेली पेटी. उरलेल्या अर्ध्या अंगणात आईचे बोंबील आणि सुकट वाळत असायची. उन्हावरून दोघांची दर वेळी भांडणं व्हायची. सूर्य मावळतीकडे कलला की बाबा ढोलकी सरकवत सरकवत आईच्या मासळीपर्यंत न्यायचे आणि आई काही न बोलता ती पायाने मागे ढकलायची. नेरूळच्या इमारती तेव्हा आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या होत्या आणि दुपारी चारनंतर त्यांची सावली थेट आमच्या अंगणात पडायची, त्यामुळे भांडायला ऊनही थोडंच शिल्लक होतं.

पेटी म्हणजे बाजाची पेटी समजू नका. तो सॅम्पलर होता. करड्या रंगाचं जड खोकं, वर रबरी चौकोनी बटणं, एक छोटा हिरवट पडदा. एका स्टुडिओने मोडीत काढलेला तो बाबांनी आणला आणि लग्नाहळदीत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत बसवला. त्यात कुठलाही आवाज भरून ठेवता यायचा आणि बटण दाबलं की तो वाजायचा. भरलेले आवाज आतल्या हार्ड डिस्कवर राहायचे. पण गंमत अशी, की डिस्कवरचे आवाज तसेच वाजत नसत. ते आधी पेटीच्या स्मरणात ओतून घ्यावे लागत, आणि तिथे एका वेळी एकाच गाण्यापुरती जागा. म्हणजे एक गाणं संपलं की पुढच्याचे आवाज लोड करायचे. पेटी लोड करायला लागली की आतून कर्रकर्र असा आवाज यायचा, कोणी तांदूळ निवडतंय तसा, आणि डाव्या कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकायचा. हे दोन मिनिटं चालायचं, कधी अडीच. बाबा खोक्याला कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "सुरात हाय." डिस्कला सूर असतो हे मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

दोन मिनिटं मांडव गप्प राहिला तर नाचणारे खाली बसतात, आणि एकदा बसलेला माणूस परत उठवणं फार कठीण. तिथे माझी आत्या कामाला यायची. ती धवलारीण. आमच्यात लग्नाच्या विधींना जी बाई धवले गाते, देवांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, ती धवलारीण. भटजींइतकाच तिचा मान. जुनी माणसं सांगत, आत्या मांडवात बसली की तासभर उठत नसे. मग बेंजो आला, मग बेंजोत पेटी आली, आणि आत्याचा धवला सरकत सरकत त्या दोन मिनिटांत जाऊन बसला. असं करा म्हणून कोणी ठरवलं नव्हतं. बाबा "लोड" दाबायचे, आत्या त्यांच्या डाव्या हाताला मांडी घालून बसलेली असायची, पदर सावरून सुरू करायची आणि पेटी तयार व्हायच्या वेळेला नेमकी थांबायची. तिचं थांबणं आणि बाबांचा ढोल यांत श्वासाचंही अंतर नसे. मला वाटायचं, भावाबहिणीचा हा इतक्या वर्षांचा सराव. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींबद्दल असंच काहीबाही वाटायचं.

मी महापेला एका कंपनीत डेटा एन्ट्री करायला जात होते. घरात कंप्युटर शिकलेली मी एकटीच, म्हणून पेटीचं आजारपण निघालं तेव्हा ती आपोआप माझ्या गळ्यात पडली. डिस्क मधेच अडकू लागली होती. तांदूळ निवडता निवडता खडा लागावा तसा खट्ट आवाज, मग शांतता, मग परत पहिल्यापासून. आमच्या कंपनीत मशीन दुरुस्तीला पिल्ले म्हणून गृहस्थ होते. त्यांनी एका शनिवारी पेटी उघडली आणि आत बघून माझ्याकडे असं पाहिलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आतमध्ये हळद होती, कुंकू होतं आणि तांदळाचे अकरा दाणे होते. दसऱ्याला आम्ही सगळ्या वाद्यांची पूजा करतो, पेटीचीही करायचो, आणि पंख्याच्या जाळीतून सगळं आत जायचं. "मंदा मॅडम," पिल्ले म्हणाले, "ये क्या खोला है मैंने, देवघर? आणि ही इतकी गरम का होते?" मी उन्हाचं सांगितलं. त्यांनी आतले दाणे एकेक करून टेबलावर काढून ठेवले. मग म्हणाले, "डिस्क जानेवाली है. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. और धूप में मत रखो, प्लीज."

घरी येऊन मी फर्मान काढलं की पेटीला ऊन बंद, कुंकू लावायचं तर बाहेरून एक बोट. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "सगल्यांना ऊन आनि तिला एकटीला सावली. तिला काय वाटंल?"  मी चिंबोरीची नांगी फोडत बसले.

पुढचे तीन रविवार मी ओटीवर पेटी घेऊन बसले. पिल्ल्यांनी दिलेली नवी डिस्क मागच्या सॉकेटला जोडली होती. जुनीवरचं एकेक गाणं लोड करायचं, ऐकायचं, नवीवर साठवायचं. ऐकायचं अशासाठी, की बाबांनी आवाजांना दिलेली नावं त्यांना सोडून कोणालाच कळण्यासारखी नव्हती. ढोलाला ढोल हे नाव नव्हतंच. ज्या घरच्या हळदीत तो पहिल्यांदा वाजला त्या घराचं नाव त्याला. एका टाळीचं नाव होतं वडे, कारण ती भरली तेव्हा आई वडे तळत होती, आणि कान देऊन ऐकलं तर टाळीच्या मागे कढईचा चुर्र ऐकू यायचा. शिवाय एका गाण्याला लागायचे सहा आवाज आणि बाबा भरायचे चाळीस, लागले तर असू देत म्हणून. मी सगळं साफ केलं. बिनकामाचे काढले, कामाचे ओळीने लावले, प्रत्येकाला शहाणं नाव दिलं. बाबा दर अर्ध्या तासाने येऊन विचारायचे, "म्हात्र्यांचा ढोल ठेवलास ना?" आणि मी म्हणायचे, "बाबा, तो आता ढोल-एक आहे." ते जरा वेळ उभे राहायचे आणि निघून जायचे. त्या तीन रविवारांइतकी मी आयुष्यात स्वतःवर खूश कधीच नव्हते, पुढे मुलं झाली तेव्हासुद्धा नाही. मुलं झाली तेव्हा मी घाबरलेली होते.

नवी डिस्क आत बसवली आणि पहिल्यांदा लोड दाबलं. लाल दिवा लागला आणि गेला. मी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर मोजलं, सात सेकंद. परत दाबलं, परत सात. कर्रकर्र नाही, खट्ट नाही, काही नाही. बाबांनी खोक्याला कान लावला, मग दुसरा कान लावला. "चालू हाय ना?" त्यांनी विचारलं.

पुढच्याच आठवड्यात मागच्या गल्लीत हळद होती. मीही गेले, माझं कर्तृत्व बघायला. पहिलं गाणं संपलं, बाबांनी लोड दाबलं, आत्याने पदर सावरला, गणपतीचं नाव घेतलं, आणि गावदेवीच्या नावापर्यंत पोचायच्या आत ढोल सुरू झाला. बाबांचीही चूक नव्हती. पेटी तयार झाली की हात पडायचा, ही आठ वर्षांची सवय. नाचणाऱ्यांनी आरोळी ठोकली, कोणीतरी माझ्या पाठीत थाप मारली, "काय मशीन केलंस गो, थांबाचा नावच नाय!" मी हसले. मग आत्याकडे नजर गेली. तिचं तोंड अजून उघडं होतं. तिने पेटीच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि हळूच तोंड मिटलं. दुसऱ्या गाण्यानंतर तिने पदर सावरला पण काही म्हटलं नाही. तिसऱ्यानंतर पदरही सावरला नाही.

त्यानंतर आत्या कार्यक्रमाला येईनाशी झाली. का, ते मला कळेना, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. बाबा म्हणाले, तिचे गुडघे धरलेत. पण आत्याला मी त्याच आठवड्यात डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जाताना पाहिलं होतं. बेंजो वाजवणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, मागच्या हळदीत तिला हलकं लुगडं दिलं, त्याचा राग आहे. मी सरळ तिच्याच घरी गेले. तिने मला गरम भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं, नोकरीचं विचारलं, आणि मी उठताना म्हणाली, "मंदे, ती पेटीची बत्ती बिघरली काय गो?" मी म्हटलं, "कुठली बत्ती?" "ती लाल. आता पेटत नाय ती." मला वाटलं, हे काय भलतंच. पण मनात किडा पडला. मी पेटी पुन्हा पिल्ल्यांकडे नेली. त्यांनी तपासून सांगितलं, दिवा ठणठणीत आहे, काम पटकन होतं म्हणून पटकन विझतो. हे मी आत्याला जाऊन आनंदाने सांगितलं. "बिघडलेली नाहीये आत्या, उलट सुधारलीये." ती म्हणाली, "बरा झाला." आणि भांडी घासायला मागल्या दारी गेली. मी तिच्या ओटीवर उभी, हातात चपला, आणि मला इतकंच कळत होतं की मी काहीतरी बरोबर सांगितलंय आणि ते सांगायला नको होतं.

शेवटी आईने सांगितलं. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी नेहमीचं पुराण लावलं, आत्या अशी का वागते, मी तर सगळं चांगलंच केलं. आई भाकरी उलटत म्हणाली, "तिच्या तोंडचा घास काढलास तू. दोन मिन्टा व्हती तिची. ती बी नेलीस." मी म्हटलं, "तुला हे माहीत होतं तर आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तू किती खूश व्हतीस." एवढंच. आईवर चिडावं की स्वतःवर हेच मला ठरवता येईना. मी भाकरी न खाता उठले आणि आईने मागून हाक मारली नाही.

डोक्यात एकच आलं, जुनी डिस्क परत लावायची. पिल्ले म्हणाले, मरायला टेकलीये, पण चालवायचीच तर महिनाभर चालेल. मी घरी येऊन डिस्क शोधली तर ती उघडलेली होती. माझ्या चुलतभावाने स्क्रू काढून आत काय आहे ते पाहिलं होतं, आणि आतली आरशासारखी चकचकीत तबकडी आईला फार आवडली होती. ती तिने दोऱ्याला बांधून बोंबलांवर टांगली होती. वाऱ्याने फिरली की उन्हाचा कवडसा अंगणभर पळायचा आणि कावळे फिरकायचे नाहीत. आठ वर्षांचे ढोल-ताशे त्या तबकडीवर होते. ती काढून खाली घेतली तरी आता काय उपयोग, म्हणून मी तिथेच राहू दिली.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. हळदीला आत्या येणार हे नक्की होतं, भाचीची हळद ती. पण आई धवल्याचं आमंत्रण द्यायला गेली तेव्हा ती म्हणाली, "मी हलद लावाला येईन. धवला कशाला गाऊ? पेटी हाय ना." हे ऐकून मला रडू आलं. माझ्या मांडवात धवला नाही आणि त्याला कारण मी. मी बाबांना अंगणात गाठलं आणि सांगितलं, "माझ्या हळदीला लोड झाल्यावर लगेच वाजवायचं नाही. पेटी लोड होतेय म्हणायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. आत्या थांबेपर्यंत."

"म्हंजे खोटा बोलाचा?" बाबा म्हणाले.

"हो."

"माईकवर?"

"हो बाबा, माईकवर."

त्यांनी ढोलकी उगाच इकडून तिकडे सरकवली. वीस वर्षांत त्यांनी तयार वाद्यापुढे हात आवरला नव्हता. "आनि तिला कलला तं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तिला कसं कळेल? तिला मशीनमधलं काय समजतं?" हे वाक्य मी बोलले होते, हे मी इथे लिहून ठेवते. साठी दिसायला लागल्यावर माणसाने निदान आपल्या मूर्खपणाचा हिशेब तरी चोख द्यावा.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला मी पाटावर बसले होते, कोपरापर्यंत पिवळी, कपाळावरची हळद वाळून ओढत होती. स्वतःच्या पोरीची हळद असूनही बाबा पेटीमागे बसले होते. लोकांनी समजावून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. आत्या नवं लुगडं नेसून आली आणि बाबांनी "इथं बस गो" म्हटल्यावर सवयीने डाव्या हाताला बसली. पहिलं गाणं दणक्यात झालं. बाबांनी लोड दाबलं. मी बसल्या जागेवरून पाहत होते, लाल दिवा लागला आणि गेला. बाबांनी माईक तोंडाशी नेला. त्यांचा आवाज जरा चिरकला. "पेटी लोड व्हते... जरा थांबा." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखे.

आत्याने पेटीच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. दिवा बंद होता. तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. मग तिने मान वळवली आणि मांडवातल्या एवढ्या माणसांमधून सरळ माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आता ही उठून जाणार असं मला वाटलं. ती उठली असती तर मी तिला काही म्हणू शकले नसते. अंगभर हळद घेऊन पाटावरून उठताही येत नाही.

तिने पदर सावरला आणि गणपतीचं नाव घेतलं. मग गावदेवीचं. त्या दोन मिनिटांत ती नेहमी इथपर्यंतच यायची, म्हणून मला वाटायचं धवला इथेच संपतो. ती थांबली नाही. तिने खाडीला बोलावलं. मिठागरांना बोलावलं, एकेकाचं नाव घेऊन. ज्या शेतांवर आता सेक्टर उभे होते त्या शेतांना बोलावलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांना नावं होती. माझ्या पणज्याला, त्याच्या बैलांना, आईच्या माहेरच्या विहिरीला, सगळ्यांना तिने माझ्या हळदीला मानाने बोलावलं. नाचायला आलेली पोरं आधी चुळबुळली, मग त्यातली काही बाहेर गेली, काही बसली. म्हाताऱ्या बायका पुढे सरकल्या आणि एकेक जण तिच्यामागे सूर धरू लागली. आई स्वयंपाकातून हात पुसत येऊन दाराशी उभी राहिली. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. बाबांच्या पाठीमागे बेंजोवाल्याने दोनदा खाकरून पाहिलं. बाबांचे हात मांडीवरून हलले नाहीत आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायचं तर हात उचलावा लागला असता.

शेवटचं नाव घेऊन ती थांबली, तांब्यातलं पाणी प्यायली, आणि भावाला म्हणाली, "आता वाजव." मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मला हळद लावायला आली. ढोल सुरू झाला होता, म्हणून तिला माझ्या कानाशी तोंड आणावं लागलं.

"आत्या," मी म्हटलं, "इतका लांब असतो धवला?"

तिने माझ्या दोन्ही गालांवर हळद चोपडली, नाकावर एक बोट जास्तीचं लावलं. "मना काय ठाव गो किती लांब," ती म्हणाली. "बत्ती इझली का मी थांबाची. आज ती पेटलीच नाय, मंग थांबू कवा?"

तिने हे माझ्या खोटेपणावर बोट ठेवायला म्हटलं, की मला माफ केलं म्हणून, की खरंच तसंच होतं म्हणून, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. ती हसत होती. पण तिच्या हाताला इतकी हळद लागली होती आणि माझ्या डोळ्यांत ती इतकी गेली होती, की नीट दिसतही नव्हतं.